ऑफ-रोड डिझेलचे नियम लिहिणाऱ्यांना खुलं पत्र : उभ्या मशीनचा धूर पण मोजा

नमस्कार मंडळी,

तुम्ही कुठल्या देशाच्या कुठल्या कमिटीत बसता याने फार फरक पडत नाही, कारण तुमचे नियम आता एकमेकांकडे बघूनच लिहिले जातात, नियमाच्या टप्प्याला कोणी टियर म्हणतं कोणी स्टेज म्हणतं पण आतला माल बराचसा सारखाच. पोकलेन, लोडर, डोझर, ट्रॅक्टर, हार्वेस्टर, रोलर, जनरेटर, म्हणजे जी डिझेल इंजिनं रस्त्यावर पळायला नाही तर काम करायला बनवलीत त्यांच्या धुराचा हिशोब तुम्ही ठरवता आणि ती बिघडली की आमच्यासारख्या मेकॅनिक लोकांकडे येतात. इंजिन कोरं असताना तुम्ही बघता, आवर मीटरवर चार-पाच हजार तास पडल्यावर आम्ही बघतो, आणि या दोन वेळचं इंजिन एकच असतं असं मला तरी वाटत नाही म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. "जुनी इंजिनं कशी भारी होती, हातोडी मारली की चालू व्हायची" वाल्या गँगमध्ये मी नाहीये. जुनी इंजिनं दुरुस्तीला सोपी होती हे खरं, पण ती काय ओकायची ते पण बघा ना. अमेरिकेचा पहिला नियम, टियर १, १९९६ पासून लागू व्हायला लागला, त्यात मोठ्या इंजिनाला एका किलोवॅट-तासामागे ९.२ ग्रॅम नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) आणि ०.५४ ग्रॅम काजळी सोडायची परवानगी होती. टियर ४ चे टप्पे २०१५ पर्यंत पूर्ण झाले तेव्हा तेच आकडे ०.४० आणि ०.०२ वर आले. युरोपचा स्टेज ५ त्याच्याही पुढे गेला, काजळी ०.०१५ आणि वर कणांची संख्या पण मोजायची, एका किलोवॅट-तासाला एक लाख कोटीच्या वर नाही. ही काही छोटी गोष्ट नाही आणि याचं श्रेय तुमचंच आहे, डिझेलमधलं सल्फर खाली आणलं नसतं तर हे जमलंच नसतं.

आणि याची गरज होती का, तर होती. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने डिझेलचा धूर थेट पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर करतो हे पक्कं झालेल्या गोष्टींच्या यादीत. त्यामागचा एक मोठा पुरावा होता अमेरिकेतल्या १२ हजारांहून जास्त खाण कामगारांचा अभ्यास. खाण कामगार, म्हणजे जमिनीखाली याच आपल्या ऑफ-रोड मशीनांच्या मागे उभे राहणारे लोक. ट्रकचा धूर निदान ट्रकबरोबर पुढे तरी जातो, पोकलेनचा धूर पोकलेनच्या भोवतीच फिरत राहतो आणि बाजूला फावडं घेऊन जो उभा असतो त्याच्या छातीत जातो, केबिनवाल्याला निदान एसी आणि फिल्टर तरी असतो.

तर मुद्दा असा की हा जो नॉक्सचा ०.४० चा आकडा आहे तो खरा कधी असतो? इंजिन गरम असताना. यातच सगळी गोम आहे.

तुम्हाला माहीत आहेच पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. सिलेंडरमध्ये डिझेल जास्त गरम जाळलं की काजळी कमी होते पण नॉक्स वाढतो, आणि थंड जाळलं की उलटं, म्हणून एकाला दाबलं की दुसरं वर येणारच. यातून सुटका म्हणून कंपन्यांनी ठरवलं की इंजिनाच्या आत फार डोकं लावण्यापेक्षा बाहेर सायलेन्सरच्या जागी सफाई करू. काजळी पकडायला डीपीएफ आणि नॉक्स मारायला एससीआर. एससीआरमध्ये ३२.५ टक्के युरियाचं पाणी गरम एक्झॉस्टमध्ये फवारतात, त्याचा अमोनिया होतो, आणि कॅटॅलिस्टवर तो नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. आयडिया झकास आहे, चालते पण झकास, पण एक्झॉस्ट साधारण २०० अंशाच्या वर असेल तरच. त्याच्या खाली युरिया नीट फुटतच नाही म्हणून कंट्रोलर फवारणी एकतर बंद करतो नाहीतर अगदी कमी करतो, आणि तरीही थोडी थोडी होत राहिलीच तर पाईपच्या आत पांढरा थर बसतो. बरेच दिवस नुसती उभी राहून घुरघुरलेली मशीन आली की एक्झॉस्टमध्ये युरिया मिसळतो तो मिक्सरचा पाईप खोलून बघायचा, आत चुनखडीसारखा पांढरा दगड धरलेला सापडतो, स्क्रूड्रायव्हर मारून पण लवकर निघत नाही.

आता आयडलिंगला, म्हणजे काम न करता नुसतं चालू असताना, डिझेल इंजिनाचं काय होतं? पेट्रोलसारखं हवा अडवून चालवणं डिझेलचा स्वभाव नाही, ते भरपूर हवा ओढतं आणि त्यात चिमूटभर डिझेल जाळतं, त्यामुळे एक्झॉस्ट पार थंड, बऱ्याचदा दीडशे अंशाला पण पोचत नाही. म्हणजे मशीन न्यूट्रलला उभी असते तेव्हा तुमचं एवढं महागाचं एससीआर झोपलेलं असतं आणि नॉक्स तसाच्या तसा बाहेर. आणि साईटवर मशीन किती वेळ उभी असते हे ज्याने साईट बघितली आहे त्याला सांगायला नको. डंपर यायचा आहे, सर्व्हेवाला लाईन आखतोय, ऑपरेटर जेवतोय पण केबिन थंड राहिली पाहिजे, हायड्रॉलिक ऑइल गार पडायला नको, आणि काही ऑपरेटरना नुसती भीती असते की बंद केली तर परत चालू होईल का.

मग तुमची टेस्ट हे पकडते का? टेस्ट बेंचवर जी बदलत्या लोडची सायकल चालवता ती १२३८ सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांच्या थोडी वर, आणि त्यात इंजिनाला चांगलं पळवतात. थंड स्टार्टची टेस्ट आहे पण शेवटच्या बेरजेत तिचं वजन युरोपात १० टक्के आणि अमेरिकेत ५ टक्के. इंजिनाला नवरदेवासारखं नटवून बेंचवर बसवायचं आणि मग म्हणायचं बघा किती स्वच्छ आहे.

बरं बेंचचं सोडा, प्रत्यक्ष कामावर मोजायचे जे नियम आहेत त्यात तर मला अजूनच गंमत वाटते. अमेरिकेत कामावरच्या इंजिनाला जी 'यापेक्षा जास्त नको' वाली मर्यादा आहे तिच्यात ३० टक्के टॉर्क आणि ३० टक्के पॉवरच्या खालचा भाग धरतच नाहीत. युरोपच्या स्टेज ५ मध्ये मशीनवर मोजायचं यंत्र लटकवून प्रत्यक्ष कामाचा डेटा गोळा करायची पद्धत आणली, फार चांगलं केलं, मनापासून सांगतो, पण तिथे पण १० टक्के पॉवरच्या खाली बराच वेळ गेला की तो 'काम नसलेला वेळ' म्हणून हिशोबाच्या बाहेर. आणि ते सगळं निरीक्षणापुरतं, पास-नापास काही नाही. म्हणजे दोन्हीकडे जेव्हा एससीआर झोपतं नेमकं तेव्हाच मोजणारा पण डोळे मिटतो. काम नसलेला वेळ म्हणे. बाजूला फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं श्वास घ्यायचं काम चालूच असतं की हो तेव्हा.

मला माहितीये यावर तुमच्यातले इंजिनियर काय म्हणतील, की आमचा आकडा ग्रॅम भागिले किलोवॅट-तास असा आहे आणि आयडलिंगला किलोवॅट जवळजवळ शून्य, शून्याने भागलं तर आकडा आभाळाला जातो, म्हणून तो भाग वगळावा लागतो. गणित बरोबर आहे. पण मग त्या भागासाठी एकक बदला ना, ताशी किती ग्रॅम असं मोजा, त्यात कुठे अडतंय? ट्रकसाठी हे करून झालंय. कॅलिफोर्नियाने २०२० च्या नियमात ट्रकच्या इंजिनाला कमी लोडची वेगळी टेस्ट लावली, आयडलिंगचा नॉक्स ताशी ग्रॅममध्ये बांधला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, २०२७ च्या ट्रकसाठी कमी लोडची टेस्ट नियमात घातली. म्हणजे इंजिनाला लवकर गरम करायचे आणि गरम ठेवायचे उपाय कंपन्यांकडे आहेत, काही सिलेंडर बंद ठेवणं, इनटेकला थ्रॉटल, एक्झॉस्टला हीटर, एससीआर इंजिनाच्या जवळ आणणं. जो उपाय महामार्गावर चालतो तो मातीत का चालणार नाही? धूळ आहे, धक्के आहेत, जागा कमी आहे, मान्य, पण हे सगळं डीपीएफ आणताना पण होतंच की.

आयडलिंग बंद करा असा नियम काही ठिकाणी आहे, कॅलिफोर्नियात ऑफ-रोड मशीनला सलग ५ मिनिटांच्या वर नुसती चालू ठेवायची नाही. उद्देश चांगला आहे, पण नुसतं ऑपरेटरला दम देऊन काम होत नाही हे माझं मत. ऑपरेटरला थंड हवा पाहिजे असेल तर ती इंजिन बंद असताना मिळायची सोय करा, आपोआप बंद होणं आणि जॉयस्टिक हलवली की चालू होणं हे फॅक्टरीतूनच द्या आणि मुख्य म्हणजे नियमात घाला, नाहीतर ते ऑप्शन म्हणून विकलं जाणार आणि ऑप्शन कोण घेतं.

आता डीपीएफकडे येतो, कारण लोकांचा सगळ्यात जास्त राग याच डब्यावर असतो. डीपीएफ काजळी अडवतो आणि भरला की ती काजळी आतच जाळावी लागते, त्याला रीजन म्हणतात, त्यासाठी आतलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशावर न्यावं लागतं. मशीन चांगल्या लोडवर चालत असेल तर बरीचशी काजळी आपली आपण जळत राहते, कोणाला कळत पण नाही. पण वाळलेल्या पिकात किंवा भुशाच्या ढिगाजवळ काम चालू असताना रीजनचा दिवा लागला तर कुठला शहाणा ऑपरेटर सहाशे अंशाचा पाईप घेऊन त्यात फिरेल? तो रीजन थांबवायचं बटण दाबतो, बरोबरच करतो, ते बटण त्यासाठीच दिलंय. दुसऱ्या दिवशी परत दाबतो. काजळी वाढत जाते. मग मशीन म्हणते आता उभी करून रीजन कर, अर्धा-पाऊण तास, आणि नेमकं कामाच्या गर्दीत तेवढा वेळ कोणाकडे नसतो. मग मशीन पॉवर पाडते. मग अजून थंड चालते, अजून काजळी. शेवटी एक लेव्हल येते की आता बटणाने पण रीजन होणार नाही, डीलरचा लॅपटॉप लावल्याशिवाय काही नाही. यात चूक कोणाची सांगा? प्रत्येक टप्प्यावर ऑपरेटरने त्या वेळी जे शहाणपणाचं तेच केलं आणि तरी मशीन बसली.

आणि इथेच तो डिलीटवाला भेटतो. डीपीएफ आतून पोकळ करून देतो, सॉफ्टवेअरमधून ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद, युरिया बंद, सेन्सरला खोटा सिग्नल, सगळं एका दुपारी. हे बेकायदा आहे आणि मी करत नाही, पण लोक का करतात हे मला नीट माहीत आहे, त्यांना हवा घाण करायची हौस नसते, त्यांना मशीन उद्या सकाळी चालू पाहिजे असते. डीलरचा माणूस चार दिवसांनी येणार आणि डिलीटवाला आज संध्याकाळी येणार. तुम्ही नियम कितीही कडक करा, आकडा ०.४० चा ०.०४ करा, डिलीट झालेल्या मशीनला त्याचा काही फरक पडत नाही, ती परत टियर २ च्या काळात गेलेली असते, किंवा त्याच्याही मागे, कारण एससीआरच्या भरवशावर तिचं इंजिन मुळात जास्त नॉक्स काढायलाच सेट केलेलं असतं!

म्हणून माझी विनंती अशी की दुरुस्तीची सोय हा धुराच्या नियमाचाच भाग धरा. रीजन करायची कमांड, फॉल्ट कोडचा अर्थ, नॉक्स सेन्सर बदलल्यावर करायचं रीसेट, युरियाच्या पंपाची टेस्ट, हे सगळं मशीनच्या स्क्रीनवर किंवा कोणालाही मिळेल अशा टूलमध्ये नसेल तर त्या इंजिनाला मंजुरीच देऊ नका. कंपन्या म्हणतात की सॉफ्टवेअर उघडं केलं तर लोक डिलीट मारतील. अहो, ते तर बंद असताना पण मारतायत, डिलीटवाल्याकडे टूल आहेच, नाहीये ते सरळ मार्गाने दुरुस्ती करणाऱ्याकडे. आणि कोड वाचायला देणं म्हणजे मॅपिंग, म्हणजे इंजिनाचं आतलं सेटिंग, बदलायला देणं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम एकत्र सांगितल्या जातात. कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेतीच्या मशीनांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, २०२४ च्या जानेवारीपासून लागू आहे, त्यात टूल आणि मॅन्युअल द्यायला लागतं पण धुराची यंत्रणा बंद करायची परवानगी काही मिळालेली नाही.

पॉवर पाडण्याबद्दल पण थोडं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ईपीएने गाईडलाइन काढली की युरियाच्या यंत्रणेत काही बिघडलं तर मशीन एकदम लुळी करू नका, दुरुस्तीला वेळ द्या. मला हे पटलं, एका सेन्सरसाठी उभं पीक किंवा ओतलेलं काँक्रीट सोडून मशीन बसणं हा नियमाला शिव्या खायला लावायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. पण वेळ दिला आणि टूल दिलं नाही तर त्या वेळात करायचं काय, डीलरची वाट बघायची? आणि नुसतीच सूट देत सुटलात तर युरिया न भरता चालवणारे पण खूश होणार. टाकी रिकामी असणं आणि सेन्सर मरणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत, दुसरा तर गुन्हाच नाही, त्यांना शिक्षा पण वेगळी पाहिजे.

लहान इंजिनांचं तर विचारूच नका. १९ किलोवॅटच्या खालच्या इंजिनाला अमेरिकेत पण आणि युरोपात पण काजळीची मर्यादा अजून ०.४० ग्रॅम आहे, मोठ्याला ०.०२ असताना, म्हणजे अमेरिकेच्याच हिशोबात वीस पट. लहान रोलर, मिनी पोकलेन, लायटिंग टॉवर, छोटा पंप, ही मशीनं माणसाच्या सगळ्यात जवळ चालतात, गल्लीत, इमारतीच्या आत, खड्ड्याच्या काठावर. तसंच ५६ किलोवॅटचं. त्याच्या एक किलोवॅट खाली असलात तर नॉक्स आणि हायड्रोकार्बन मिळून ४.७ ग्रॅम चालतं आणि वर गेलात की नॉक्सला ०.४०. मग कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये ५५ किलोवॅटची एवढी गर्दी का झाली याचं आश्चर्य कशाला वाटायचं. त्यांनी नियम मोडला नाही, तुम्ही भिंत बांधली आणि ते भिंतीला चिकटून उभे राहिले. भिंतीऐवजी उतार ठेवा, किलोवॅट वाढेल तशी मर्यादा हळूहळू कडक होत जाऊ द्या.

आणि शेवटचं मोठं काम, जुन्या मशीनची तपासणी. बेल्जियम, नेदरलँड, जर्मनी या देशांनी २०२२-२३ मध्ये डिझेल गाड्यांच्या नेहमीच्या तपासणीत कण मोजायचं छोटं यंत्र आणलं, नळी सायलेन्सरमध्ये घालायची, इंजिन आयडलिंगला, थोड्या वेळात कळतं डीपीएफ आहे की पोकळ डबा आहे. पोकळ डबा लपूच शकत नाही. लॅपटॉप लागत नाही, सॉफ्टवेअर खोटं बोलत असेल तरी कण खोटं बोलत नाहीत. मग हेच यंत्र साईटच्या गेटवर का नको? लंडनने २०१५ पासून बांधकामाच्या मशीनांना कमी धुराचा झोन लावलाय, २०२५ च्या जानेवारीपासून सगळ्या शहरात स्टेज ४ पाहिजे, म्हणजे साईटवर कुठलं इंजिन येतंय हे विचारता येतं हे सिद्ध झालं. आता फक्त प्लेटवर स्टेज ४ लिहिलंय एवढंच न बघता नळी लावून बघा. ईपीए मोठ्या इंजिनाचं उपयोगी आयुष्य ८००० तास किंवा १० वर्षं धरते, त्यापुढे कागदावर ते इंजिन कोणाचंच नाही, पण ते तिथून विकलं जातं, दुसऱ्या मालकाकडे, मग तिसऱ्याकडे, आणि चालत राहतं.

पुढच्या टप्प्याचे ड्राफ्ट तुमच्या टेबलावर असतील किंवा येतील. माझ्यासारख्याला विचाराल तर आकडा अजून खाली आणायची घाई करू नका, आहे तोच आकडा आयडलिंगला, थंडीत आणि सहा हजार तासांनंतर खरा करून दाखवा, आणि हरकती मागवाल तेव्हा त्या नोटीशीची भाषा अशी ठेवा की वर्कशॉपमधला माणूस पण ती वाचून उत्तर देऊ शकेल.

आपला,
एक मेकॅनिक

ता. क. युरियाच्या टाकीचं झाकण निळं केलंत, तोंड बारीक केलंत, छान. पण साईटवर पंपाची नोझल नसते, कॅन आणि नरसाळं असतं, आणि नरसाळं कुठल्याही तोंडात बसतं. डिझेलचंच नरसाळं युरियाला वापरलं की संपला विषय, आणि उलट झालं तर नोझल-पंप सगळंच गेलं. दोन्ही झाकणं मशीनच्या एकाच बाजूला, हातभर अंतरावर ठेवायची परवानगी कोणत्या कलमात आहे तेवढं बघा आणि ते कलम खोडा.